घडीचा दूरध्वनी आणि दिल्ली-पानिपतची वाट

दरवर्षी 14 जानेवारीला दिल्लीतील मराठी मंडळी पानिपतला जातात. गावापासून सात-आठ किलोमीटरवर काळ्या आंब्याचे स्थान आहे. तेथे स्मारकाचा स्तंभ आहे, भोवती बाग आहे आणि थंडीच्या दिवसांत बहुधा धुकेही असते. स्तंभापुढे डोके टेकवून झाले की बहुतेक माणसे एकच गोष्ट करतात. खिशातून भ्रमणध्वनी काढून ती पुण्याला, सांगलीला, नागपूरला कोणाला तरी सांगतात, ‘आम्ही पानिपतावर उभे आहोत.’ पलीकडचा माणूस ते त्याच क्षणी ऐकतो. ज्या भूमीवरील बातमी आपल्या पेशव्याच्या हाती पडण्यास दहा दिवस लागले, त्या भूमीवरून आज घरी बोलण्यास दहा पळेही लागत नाहीत. या गोष्टीचे नवल वाटण्याचेही दिवस आता सरले आहेत, आणि ज्या गोष्टीचे नवल सरते तिचा इतिहास लिहिण्याची वेळ आलेली असते.

प्रस्तुत लेखाचा विषय त्या इतिहासातील एक लहानसे प्रकरण आहे. दूरध्वनीला घडी कशी पडली, तो घडीचा दूरध्वनी आपल्या देशात केव्हा आला, आणि दिल्लीपासून जेमतेम नव्वद किलोमीटरवर असलेल्या पानिपतात त्याचा अर्थ काय झाला, एवढेच येथे पाहावयाचे आहे. एका यंत्राच्या बिजागरीसाठी पानिपतासारखे स्थळ कशाला वेठीस धरावे, असे कोणी म्हणेल. परंतु या दोहोंचा संबंध मी पुस्तकात वाचलेला नाही. पानिपतात नोकरीनिमित्त राहत असताना तो माझ्या वाट्याला आला. ती हकीकत यथास्थळी येईलच.

प्रथम जुन्या काळाकडे वळू. मराठ्यांच्या बातमीची व्यवस्था ढिसाळ होती, ही समजूत चुकीची आहे. जासूद, हरकारे, कासीद आणि सांडणीस्वार यांचे जाळे पुण्यापासून उत्तरेपर्यंत पसरलेले होते. जासूद सहसा जोडीने धाडीत, म्हणून ‘जासूद जोडी’ हा शब्दप्रयोगच कागदोपत्री रूढ झाला. सरकारी डाकेखेरीज सावकारांची स्वतंत्र डाक असे, आणि हुंडीच्या व्यवहारावर पोट असल्यामुळे ती कित्येकदा सरकारी डाकेहून चपळ असे. या सर्व व्यवस्थेचा जीव एकाच गोष्टीत होता, आणि ती म्हणजे अखंड साखळी. एका चौकीपासून दुसऱ्या चौकीपर्यंतची वाट मोकळी असली, तरच तिसऱ्या चौकीला काही अर्थ होता. वाटेत एक ठाणे गेले की पुढची शंभर ठाणी असून नसल्यासारखी होत.

1760 च्या शरद ऋतूत हेच घडले. सदाशिवरावभाऊंनी 17 ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत अहमदशहा अब्दाली बागपताजवळ यमुना उतरून अलीकडे आला. त्यामुळे तो भाऊ आणि दिल्ली यांच्या मध्ये उभा राहिला. नोव्हेंबराच्या आरंभापासून दोन्ही सैन्ये पानिपताजवळ समोरासमोर ठाण मांडून बसली. दिल्लीत नारो शंकर होते, दुआबात गोविंदपंत बुंदेले रसद तोडण्याचे व पोचविण्याचे काम पाहत होते. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले, आणि धान्याबरोबर बातमीचीही वाट आटली. पुण्याकडे नियमाने जाणारी पत्रे थांबली.

या कोंडीतील एक प्रसंग मला युद्धाच्या वर्णनाहून अधिक बोचतो. युद्धाच्या काही दिवस आधी दिल्लीहून काही स्वार छावणीसाठी खजिना घेऊन निघाले. रोकड त्यांनी आपापसांत वाटून जवळ बाळगली होती. रात्रीच्या अंधारात त्यांची वाट चुकली. समोर छावणी दिसली, ती आपलीच समजून ते आत शिरले आणि मराठीत बोलू लागले. छावणी अफगाणांची होती. बोलण्यावरून ते ओळखले गेले आणि कापले गेले. आपली भाषा कानी पडावी म्हणून आपण परमुलखात तळमळतो. त्या रात्री त्याच भाषेने त्यांचा घात केला. दिल्ली आणि पानिपत यांमधील नव्वद किलोमीटर ओलांडण्याची ती किंमत होती.

14 जानेवारी 1761 ला जे झाले ते सर्वश्रुत आहे. नानासाहेब पेशवे त्या वेळी कुमक घेऊन उत्तरेकडे येत होते. नर्मदा ओलांडून ते भेलशापर्यंत आले असता, 24 जानेवारीच्या सुमारास, एका सावकाराचा कासीद वाटेत हाती लागला. त्याच्याजवळचे पत्र पेशव्यांसाठी नव्हतेच; ते औरंगाबादेकडे, व्यापाऱ्याकडून व्यापाऱ्याला चालले होते. त्यात दोन मोती गळाल्याचे, सत्तावीस मोहरा गमावल्याचे आणि रुप्या-तांब्याच्या नाण्यांची गणतीच नसल्याचे व्यापारी भाषेत लिहिले होते. पेशव्यांना त्या दोन मोत्यांची नावे विचारावी लागली नाहीत. एक पोटचा मुलगा होता, दुसरा पाठच्या भावाच्या ठिकाणी असलेला चुलतभाऊ.

या पत्रात करुणेखेरीज आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. ज्या काळी बातमी धाडणे महाग आणि धोक्याचे असते, त्या काळी भाषा आक्रसते आणि सांकेतिक होते. मोठ्यात मोठे दुःख थोड्यात थोड्या शब्दांत, आणि तेही दुसऱ्याच कशाचे तरी नाव घेऊन सांगावे लागते. ही गोष्ट लक्षात ठेवून आता यंत्राकडे जाऊ.

तारायंत्राने बातमीचा वेग वाढविला. परंतु संक्षेपाची सक्ती त्याने उठविली नाही. तारेत शब्दागणिक पैसे पडत. 1882 साली मुंबई, मद्रास व कलकत्ता येथे टेलिफोनची विनिमय केंद्रे उघडली, आणि माणसाचा प्रत्यक्ष आवाज तारेवरून जाऊ लागला. तरी लांबच्या गावी बोलणे कित्येक दशके अवघडच होते. ट्रंक कॉल नोंदवावा, मग तासन् तास बसून राहावे, आणि लागलाच तर ओरडून बोलावे, हा अनुभव परगावी नोकरी केलेल्या जुन्या पिढीतील प्रत्येकाच्या स्मरणात असेल. 1960 साली लखनौ आणि कानपूर यांच्या दरम्यान देशातील पहिली एस.टी.डी. सेवा सुरू झाली. पुढे ती सर्वत्र पसरली, आणि गावोगावी पिवळ्या पाटीचे बूथ उभे राहिले. पण तारेचा दूरध्वनी शेवटी भिंतीला बांधलेलाच होता. माणूस जागेवर असेल तरच त्याचा उपयोग.

माणसाबरोबर चालणाऱ्या दूरध्वनीची अडचण यंत्राची नव्हती, आकाशाची होती. ध्वनिलहरींना वाहून नेणारे तरंगमार्ग मोजके असतात. एका उंच मनोऱ्यावरून सगळ्या शहराला सेवा द्यावयाची म्हटली, तर एका वेळी मूठभर माणसेच बोलू शकत. यावरील तोड अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेतील डग्लस रिंग यांनी डिसेंबर 1947 च्या एका टिपणात मांडली. सगळा मुलूख मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी घरांत विभागावा, प्रत्येक घरात कमी शक्तीचा मनोरा ठेवावा, आणि एका घरातील तरंगमार्ग थोड्या अंतरावरील दुसऱ्या घरात पुन्हा वापरावा, अशी ती कल्पना. बोलणारा माणूस एका घरातून दुसऱ्यात गेला की पहिल्या मनोऱ्याने त्याला दुसऱ्याच्या स्वाधीन करावे, आणि बोलणे मात्र तुटू नये. आपल्या जासुदांच्या चौक्यांची ज्याला माहिती आहे, त्याला ही कल्पना परकी वाटणार नाही. थैली हातोहात पुढे जाते आणि वाट पाहणाऱ्याला मधल्या चौक्यांची खबरही नसते. या घरांनाच इंग्रजीत ‘सेल’ म्हणतात, आणि ‘सेलफोन’ हा शब्द त्यावरूनच आला.

कल्पना आणि वस्तू यांत पाव शतक गेले. 3 एप्रिल 1973 ला मोटोरोला कंपनीतील मार्टिन कूपर यांनी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर उभे राहून हातातील यंत्रावरून पहिले बोलणे केले. बोलणे कोणाशी, तर प्रतिस्पर्धी बेल प्रयोगशाळेतील जोएल एंगल यांच्याशी! शास्त्रज्ञांनाही चिमटा काढल्यावाचून राहवत नाही, हे त्यावरून दिसते. त्या यंत्राचे विक्रीयोग्य रूप, ‘डायनाटॅक’, 1983 साली मान्य झाले. वजन पाऊण किलोहून अधिक, किंमत 3,995 डॉलर, आणि दहा तास विजेवर ठेवावे तेव्हा अर्धा तास बोलावे, असा त्याचा संसार होता. लोक त्याला विटेची उपमा देत, आणि ती अतिशयोक्ती नव्हती.

विटेचे वजन कमी करणे हा एक प्रश्न. लांबी कमी करणे हा दुसरा आणि अधिक कठीण. कारण यंत्राची लांबी विजेच्या भागांवर अवलंबून नाही, ती माणसाच्या चेहऱ्यावर अवलंबून आहे. कान आणि ओठ यांमधील अंतर ब्रह्मदेवाने ठरविलेले आहे. ऐकण्याचे टोक कानाशी ठेवले तर बोलण्याचे टोक ओठांपर्यंत पोचले पाहिजे. इकडे खिशाची खोली शिंप्याने ठरविलेली. चेहरा लांब आणि खिसा आखूड, या तंट्याची तडजोड म्हणजे घडी.

घडीची कल्पना मोबाइलवाल्यांची नव्हे. 1960 च्या दशकाच्या मध्यास इटलीत मार्को झानुसो आणि रिचर्ड सॅपर या कल्पकांनी ‘ग्रिल्लो’, म्हणजे रातकिडा, नावाचा घरगुती टेलिफोन घडविला होता. तो बंद असता तळहाताएवढा दिसे आणि उचलताच उलगडे. 1966 पासून दाखविल्या गेलेल्या ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील अंतराळवीरही झाकण उघडून बोलत. कल्पना अशी हवेत होतीच. ती खिशात आणण्याचे काम बाकी होते.

25 एप्रिल 1989 ला मोटोरोलाने ‘मायक्रोटॅक’ हा भ्रमणध्वनी जाहीर केला. याला पूर्ण घडी नव्हती. यंत्राच्या खालच्या बाजूस एक पातळ झाकण होते. ते बंद असता आकड्यांच्या कळा झाकल्या जात, आणि उघडले की ते ओठांकडे पुढे येई. वजन सुमारे 350 ग्रॅम, म्हणजे आधीच्या विटेच्या निम्म्याहूनही कमी. किंमत मात्र अडीच हजार डॉलरपासून पुढे. यातील एक गंमत नमूद करण्यासारखी आहे. पुढील उत्पादनांत आवाज टिपणारा भाग त्या झाकणातून काढून मूळ यंत्राच्या तळाशी बसविला गेला. झाकण तसेच राहिले. म्हणजे झाकणाची यांत्रिक गरज संपली, तरी माणसाला ते हवे होते. तोंडासमोर काहीतरी आल्यावाचून आपण बोलत आहो असे त्याला वाटेना. त्याखेरीज झाकण मिटणे ही ‘बोलणे संपले’ अशी स्पष्ट खूण होती. तपकिरीची डबी मिटल्यावर चिमूट संपते, तसे.

पुरी घडी 3 जानेवारी 1996 ला अवतरलेल्या ‘स्टारटॅक’ची. यात कान एका पाकळीत आणि कळा दुसऱ्या पाकळीत. शिंपल्याप्रमाणे दोन्ही पाकळ्या मिटत. वजन केवळ 88 ग्रॅम, म्हणजे सात वर्षांत चौथाई. किंमत हजार डॉलर. विजारीच्या पट्ट्याला तो अडकवता येई, आणि सभेत घंटा न वाजविता थरथरून हाक देण्याची सोयही त्यात होती. पुढे तो सुमारे सहा कोटी विकला गेला. चष्म्याचे घर किंवा खिशातले घड्याळ यांच्या पंक्तीला दूरध्वनी जाऊन बसला तो या यंत्रामुळे.

आता हे यंत्र आपल्या देशात कसे आले ते पाहू. 1989 चा पहिला मायक्रोटॅक कोणी हौसेने भारतात आणला असता तरी तो मुका राहिला असता, कारण त्याला उत्तर देणारा एकही मनोरा येथे नव्हता. यंत्र हाती असणे आणि साखळी असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा भाऊंच्या छावणीतला धडा येथेही लागू पडतो. 1994 च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने खाजगी कंपन्यांना वाट मोकळी करून दिली. उशिरा येण्याचा आपल्याला एक लाभ झाला. युरोपात 1991 साली सुरू झालेली ‘जीएसएम’ ही नवी अंकीय पद्धत आपण थेट उचलली, आणि जुन्या पद्धतीचा एक जन्म वाचला. 31 जुलै 1995 ला पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी दिल्लीत बोलून या सेवेचा प्रारंभ केला. त्याच वर्षी दिल्ली आणि मुंबई येथेही ती सुरू झाली.

पण शासनाने देशाची वाटणी केली ती निरनिराळ्या ‘मंडळां’त. चार महानगरे वेगळी, राज्ये वेगळी. प्रत्येक मंडळाचे परवाने वेगळे, कंपन्या वेगळ्या. दिल्लीच्या मंडळात गुडगाव, फरीदाबाद, गाझियाबाद आणि नोएडा आले. पानिपत मात्र हरियाणा मंडळात गेले. त्यामुळे दिल्लीत ठणठणीत बोलणारा फोन हमरस्त्याने उत्तरेकडे निघाल्यावर हद्दीपाशी परमुलखात जाई. पाहुण्यासारखी सेवा हवी तर दोन कंपन्यांचा करार पाहिजे आणि जादा पैसे मोजले पाहिजेत. दिल्ली-पानिपतच्या त्याच वाटेवर आणखी एकदा साखळी तुटलेली होती. फरक इतकाच, की या वेळी वाट अब्दालीने अडविलेली नव्हती, एका परवान्यातील रेघेने अडविलेली होती.

दरांविषयी आजच्या मुलांना सांगितले तर ती हसतात. आरंभी एका मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत आकार पडे, आणि तो केवळ बोलणाऱ्यास नव्हे, ऐकणाऱ्यासही! कोणी आपली विचारपूस केली तरी दंड आपल्याला. साहजिकच भाषा पुन्हा आक्रसली. लोक घंटा वाजवून फोन उचलण्याआधीच तोडू लागले. एक घंटा म्हणजे ‘पोचलो’, दोन म्हणजे ‘निघालो’, तीन म्हणजे ‘तूच फोन कर’. ‘मिस्ड कॉल’ हे नाव पुढे जगभर गेले असले, तरी त्याचा असा संसारोपयोगी संकेत करावा तो आपल्याच लोकांनी. मोती आणि मोहरा यांच्या भाषेत लिहिणारा तो 1761 चा सावकार या लोकांना चटकन ओळखता आला असता.

मी पानिपतास बदलून गेलो तो याच काळात. गाव तेव्हाही उद्योगी होते. चादरी, सतरंज्या, घोंगड्या आणि गालिचे विणणाऱ्या मागांचा आवाज गल्लीगल्लीतून येई. जुन्या लोकरी कपड्यांचे धागे काढून पुन्हा सूत कातण्याचा धंदाही तेथलाच. खत कारखाना आणि औष्णिक वीजकेंद्र 1970 च्या दशकाअखेरचे. इंडियन ऑइलचा तेलशुद्धीकरण कारखाना 1998 मध्ये सुरू झाला. अशा कारखान्यांच्या आणि कार्यालयांच्या आश्रयाने काही मराठी घरे तेथे असत. ‘कोठे बदली झाली?’ या प्रश्नाला ‘पानिपत’ असे उत्तर दिले की गावाकडचे लोक क्षणभर गप्प होत आणि मग हसत. आपल्या भाषेत ते गावाचे नाव उरलेलेच नाही. ‘पानिपत होणे’ ही एक दशा आहे. त्या दशेत घर थाटून, भाजी आणून, मुलांना शाळेत घालून राहणे ही एक निराळीच गोष्ट असते.

1998 च्या डिसेंबरात साताऱ्याहून धाकट्या भावाचे पत्र आले, की आईला बरे नाही. पत्र लिहून आठवडा होऊन गेला होता. घरचा टेलिफोन चार दिवसांपासून मुका होता; धुक्याने आणि ओलीने तारा बिघडल्या असाव्यात. रात्री दर उतरल्यावर मी बूथवर गेलो. तेथे रांग होती. माझी पाळी आली तेव्हा ओळ लागेना. पाऊण तास आकडे फिरवून मी परत निघालो, तो शेजारचे गृहस्थ दारात भेटले. त्यांचा हातमागाच्या मालाचा निर्यातीचा धंदा होता, आणि जर्मनीतल्या एका व्यापारी जत्रेहून त्यांनी एक स्टारटॅक आणला होता. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, काही विचारले नाही. पट्ट्याचा फोन काढला, उघडला आणि माझ्या हातात ठेवला. नंबर त्यांनीच दाबला.

पलीकडे भाऊ होता. आवाज इतका जवळचा आला की मी दचकलो. तो म्हणाला, ‘दादा, तू नीघ.’ मी विचारले, ‘कशी आहे?’ तो पुन्हा म्हणाला, ‘तू नीघ फक्त.’ आपल्याकडे तारेत ‘प्रकृती गंभीर, ताबडतोब निघा’ असे लिहिण्याची रीत होती, आणि तिचा खरा अर्थ प्रत्येक घराला ठाऊक असे. तारेत शब्द महाग म्हणून तसे लिहीत, अशी माझी समजूत होती. त्या रात्री कळले की तसे नव्हते. भावाला शब्दांची टंचाई नव्हती, आवाज स्पष्ट होता, साखळी अखंड होती. तरी त्याने मोती गळाल्याचेच सांगितले, आणि मला नाव विचारावे लागले नाही.

मी फोन परत दिला. शेजाऱ्यांनी तो मिटला. त्याचा बारीकसा ‘टक’ असा आवाज झाला, आणि त्या आवाजानंतर बोलण्यासारखे काही उरले नाही. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी मी पैसे देऊ लागलो, कारण परमंडळातल्या त्या दोन मिनिटांना किती आकार पडला असेल याचा मला अंदाज होता. ते म्हणाले, ‘बाबूजी, ख़बर के पैसे नहीं लिए जाते.’ मी दिल्लीहून गाडी धरली आणि साताऱ्यास पोचलो तो सावडण्याच्या दिवशी. बातमी दोन मिनिटांत आली होती. माणूस तिसऱ्या दिवशी पोचला.

या यंत्राच्या पुढील इतिहासाला फार जागा नको. 1999 च्या नव्या धोरणाने ठरावीक परवाना-शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली आणि दर उतरू लागले. 1 मे 2003 पासून ऐकणाऱ्यावरील आकार गेला. 2004 मध्ये हरियाणाची एस्कोटेल ही कंपनी आयडिया कंपनीने घेतली, आणि महाराष्ट्रात त्याच आयडियाची सेवा आधीपासून होती. त्यामुळे सातारा आणि पानिपत त्या कंपनीच्या एका नावाखाली आले. त्याच वर्षी मोटोरोलाचा ‘रेझर’ हा 14 मिलिमीटरहून पातळ घडीचा फोन निघाला आणि तेरा कोटींवर विकला गेला. घडीचा तो कळसाध्याय होता. 2007 मध्ये आलेल्या आयफोनने सारा चेहराच काचेचा केला; कळाच उरल्या नाहीत, तेव्हा झाकायचे काय? शिवाय बोलणे हे फोनचे दुय्यम काम झाल्यावर कान आणि ओठ यांच्या अंतराला कोण विचारतो! 14 जुलै 2013 ला आपल्या तारसेवेचाही शेवटचा दिवस झाला. 2019-20 पासून मात्र काचच दुमडणारे फोन निघाले आहेत, आणि यमुनेपलीकडे नोएडात तसे फोन तयारही होतात. ज्या दुआबात एके काळी अब्दालीचा तळ होता, त्याच दुआबात आता घडीच्या फोनांची पेटारी भरली जातात. चेहरा लांब आणि खिसा आखूड, हा तंटा अजून मिटलेला नाही असे दिसते.

हा सगळा इतिहास पाहिल्यावर पुष्कळांना वाटते की भाऊंच्या छावणीत असे एखादे यंत्र असते तर! मला तसे वाटत नाही. यंत्र असते तरी मनोरे कोणाच्या ताब्यात असते, हा प्रश्न उरतोच. दिल्ली-पानिपतची वाट ज्याच्या हाती, त्याच्याच हाती ते गेले असते. हातातली वस्तू कितीही चिमुकली आणि चतुर झाली, तरी तिचे बळ मधल्या चौक्यांत असते. आणि त्या चौक्या राखणारी माणसे कोणाच्याही नजरेस पडत नाहीत. आपण सरकारी नोकर बहुतेक त्याच जातीचे आहोत. कुठल्यातरी परक्या गावी एखादे ठाणे सांभाळावे, थैली पुढे द्यावी आणि बदलीचा हुकूम आला की निघावे.

दुसरी गोष्ट अशी की बातमीचे अंतर यंत्राने पुसले, माणसाचे पुसलेले नाही. नानासाहेब पेशवे कुमक घेऊन निघाले होते आणि वाटेत त्यांना बातमी गाठली. ती दहा दिवसांऐवजी दहा पळांत पोचली असती, तरी नर्मदेपासून पानिपत तेवढेच दूर होते. भेलशाहून ते पुढे परतले, आणि 23 जून 1761 ला पर्वतीवर त्यांचा अंत झाला. बातमी उशिरा कळल्याने ते खचले असे म्हणता येत नाही, कळल्याने खचले.

गेल्या 14 जानेवारीस मी पुन्हा काळ्या आंब्याशी गेलो होतो. दिल्लीहून आलेली एक तरुण मुलगी स्तंभाकडे पाठ करून आईशी बोलत होती. ‘हो ग, पोचलो. थंडी आहे. जेवलो. संध्याकाळी परत,’ असे चालले होते. सांगण्यासारखे विशेष काही नव्हते, आणि तरी ती बराच वेळ बोलत होती. आमच्या वेळी त्याच मजकुराला एक घंटा पुरली असती. धुके वितळत होते. जवळच उभा राहून मी ते बोलणे संपेपर्यंत ऐकले; ते परक्याचे बोलणे चोरून ऐकणे होते हे मला कळत होते, पण त्या मैदानात मराठीतून असे निवांत, बिनकामाचे बोलणे कानी पडते आहे, हे सोडून जाण्यास पाय निघेना.